पाऊस ओसरल्यावर, ट्रक येण्याआधी

ऑक्टोबरातली सकाळ होती. मुरबाड तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर अंगणवाडीच्या ओट्यावर मळलेल्या मातीचा गोळा ठेवला होता आणि आम्ही पोरांना पणत्या करायला बसवलं होतं. पाचेक वर्षांचा एक मुलगा आपल्या वाटणीची माती घेऊन जरा बाजूला सरकला. काड्यापेटीचा आतला खण त्यानं कुठून तरी पैदा केला, त्याला आतून चिमूटभर राख फासली, माती दाबून भरली, वर बोट फिरवून जास्तीची माती काढून टाकली आणि खण उलटा करून एक ठोका दिला. बाहेर आली ती वीट. चारी कोपरे शाबूत. मग दुसरी, मग तिसरी. अर्ध्या तासात ओट्याच्या कडेला विटांच्या दोन रांगा वाळत पडल्या होत्या आणि दोन विटांमध्ये वारा फिरावा एवढी फटही त्यानं मोजून सोडली होती.

सोबतच्या ताई म्हणाल्या, "अरे, दिवा कर ना बाळा, दिवाळी आलीय." मान वर न करता तो म्हणाला, "ही रांग पुरी करतो आधी."

त्या दिवशी मला वाईट वाटलं होतं. पोराच्या हाती खेळायला माती दिली तर त्यात त्याला भट्टीच दिसते, असं मनात येऊन मी गप्प झाले. पण नंतर त्या विटा पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत राहिल्या. राख कशासाठी लावायची, माती किती ओली हवी, वाळवताना फट का ठेवायची, हे सगळं त्या मुलाला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्याच्या हाताला जे येत होतं तिथूनच आम्ही सुरुवात करायला हवी होती, आणि आम्ही मात्र आमच्या डोक्यातली पणती त्याच्यापुढे ठेवली होती. ही पुस्तिका करायचं मनात आलं ते तेव्हापासून.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतल्या अंगणवाडीच्या ताई, मदतनीस, आणि घरी नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना करता येतील अशा २८ वस्तू यात आहेत. सगळ्या शरद ऋतूतल्या, म्हणजे पाऊस ओसरल्यापासून दिवाळी होऊन गेल्यावर चार दिवसांपर्यंतच्या. विकत आणायचं जवळपास काहीच नाही. कात्री फक्त दोन ठिकाणी लागते आणि तिथंही ती ताईंनीच धरायची आहे.

फक्त या दीड-दोन महिन्यांचीच पुस्तिका का, असं मला अनेकांनी विचारलं. त्याचं उत्तर इथल्या वर्षाच्या चक्रात आहे. आमच्याकडे मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माघारी फिरतो. त्याच सुमारास हळवं भात कापणीला येतं, मागोमाग निमगरवं, आणि गरवं दिवाळीनंतर. कापणी-झोडणी उरकली की बऱ्याच कातकरी आणि काही ठाकूर कुटुंबांचं गावातलं काम संपतं. पावसाळ्यात घरात धान्य नसताना घेतलेली उचल फेडायची असते. दिवाळी झाली की भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांचे ट्रक येऊ लागतात. पातेली, गोधड्या, कोंबड्या, म्हातारी माणसं, पोरं, सगळं त्या ट्रकमध्ये चढतं आणि पुढच्या पावसाच्या तोंडावरच परत येतं. १९९० च्या दशकात विधायक संसदेनं ठाणे जिल्ह्यातल्या भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुरांची तात्पुरती खोपी. त्या शाळांमुळे हा प्रश्न सगळ्यांना दिसला, पण ट्रक काही थांबले नाहीत.

तेव्हा आमच्या हाती काय उरतं? जून-जुलैत धो-धो पाऊस, ओढे भरलेले, लहान पोराला अंगणवाडीपर्यंत आणणंही कठीण. श्रावण-भाद्रपदात आजारपणं. मग येतो आश्विन. ऊन पडतं, वाटा वाळतात, वाडी सगळी जागेवर असते आणि पटावरचं प्रत्येक पोर समोर बसलेलं असतं. वर्षभरात असं दुसऱ्यांदा होत नाही. शिवाय पाणीही याच दिवसांत मुबलक असतं. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्याच कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. माती मळायला आणि हात धुवायला पाणी दिवाळीपर्यंत मोकळ्या मनानं वापरता येतं. फाल्गुनात मातीकाम काढलं तर हंडा डोक्यावरून आणणाऱ्या बाईला काय तोंड दाखवायचं?

ऋतूबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. एका वर्षी आमच्याकडे छापील तक्त्यांचा एक गठ्ठा आला होता. महिन्यामहिन्याच्या हस्तकलेचा. त्यात ऑक्टोबरच्या पानावर लाल-पिवळ्या पानांचा ढीग, भोपळ्याला कोरलेले डोळे आणि पाइनची बोंडं होती. ताईंनी प्रामाणिकपणे त्याबरहुकूम करायचं ठरवलं. लाल पानं कुठं मिळेनात, म्हणून हिरव्या पानांना पोस्टर रंग फासला. बाहेर खिडकीतून पिवळं पडलेलं भात दिसत होतं, बांधावर कुर्डूचे गुलाबी तुरे डोलत होते, आणि आत मुलं हिरवी पानं लाल करत बसली होती. विलायतेत या दिवसांत पानगळ होते, आपल्याकडे साग, ऐन, पळस मोकळे होतात ते शिशिरात, फाल्गुनापर्यंत. आपला शरद हा कापणीचा, नव्या तांदळाचा ऋतू आहे. आपल्याकडे या दिवसांत गळतं ते पान नव्हे, दाणा. त्यामुळे या पुस्तिकेत पानांपेक्षा पेंढा, लोंब्या, माती आणि बिया जास्त आहेत.

हा विचार काही नवा नाही, आणि तो या मातीतलाच आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बोर्डी आणि कोसबाड तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला. माँटेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर परवडायची नाहीत आणि ती मुलांना ओळखीची वाटायचीही नाहीत, हे या दोघींनी ओळखलं. त्यांनी गोटे, बिया, शंख-शिंपले, पानं, काड्या यांतून साधनं उभी केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. गुरं राखायला जात असेल तर कुरणात न्यायची, म्हणून कुरणशाळा. अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' ज्या ताईंनी वाचलं नसेल त्यांनी ते जरूर मिळवावं. अंगणवाडी हा शब्द आज देशभर सरकारी कागदांवर आहे, पण त्यातलं अंगण सिमेंटच्या खोलीत हरवू लागलंय असं मला अनेकदा वाटतं.

आता वस्तूंकडे वळते. सगळ्यांबद्दल इथं लिहिणार नाही, कृती आत दिल्याच आहेत. ज्यांच्याबद्दल मनात जास्त आहे तेवढ्यांबद्दलच लिहिते.

पेंढ्यापासून सुरुवात करा. नुकत्याच झोडलेल्या हळव्या भाताचा पेंढा मऊ असतो, त्यात ओल असते. पौषात तोच कडकडीत होतो, वळायला गेलं की तुटतो आणि बोटांना टोचतो. मूठभर पेंढा घ्या, पाण्याचा हबका मारा, एक टोक आपल्या पायाच्या अंगठ्याखाली दाबा आणि दुसरं टोक मुलाच्या हातात देऊन त्याला एकाच दिशेनं पीळ द्यायला सांगा. पीळ पुरेसा बसला की मधोमध दुमडा. दोर आपल्या आपण स्वतःभोवती गुंडाळला जातो. तो क्षण बघायला मी कितीही वेळा बसेन. मुलं एकदम मागं सरकतात, कुणीतरी "जिता हाय!" म्हणून ओरडतं, आणि मग तासभर दुसरं काही सुचत नाही. या दोराची बारकी चुंबळ करता येते, तीवर पाण्याचं भांडं ठेवून चालायची शर्यत लावता येते. मानेशी बांधलं की बाहुली होते. वेटोळं घातलं की पाखराचं घरटं होतं. चार वर्षांच्या एका मुलीला मी भाताचा भारा बांधतात तसा पेंढ्याचा बंध वळताना पाहिलंय. टोक खोचून टाकायची तिची पद्धत हुबेहूब तिच्या आईची होती. तिला कुणी शिकवलं नव्हतं. बांधावर बसून तिनं नुसतं पाहिलं होतं.

लोंब्यांचं तोरण हे आमच्या बायांचं कमाईचं काम आहे, हे विसरून चालणार नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कसारा लोकलनं उतरणाऱ्या बायांच्या पाट्यांत आपट्याची पानं, आंब्याचे डहाळे, झेंडू आणि भाताच्या लोंब्यांची तोरणं असतात. कल्याण, ठाणे, दादरच्या फुटपाथवर रात्र काढून त्या दुसऱ्या दिवशी परततात. शहरातल्या दारावर जे तोरण लागतं ते बहुधा अशाच कुणीतरी ओवलेलं असतं. त्यामुळे मुलांकडून तोरण करून घेताना एखाद्या आईला किंवा आजीला समोर बसवा आणि तिला शिकवू द्या. ताईंनी त्या दिवशी मुलांच्या रांगेत बसावं. लोंब्या मागायच्या त्या मूठभर, आणि झोडणीत निसटून खळ्यावर पडलेल्या असतील तर उत्तमच. उभ्या पिकातल्या तोडायच्या नाहीत. दक्षिण कोकणात या सुमारास नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधतात, त्याला नवं म्हणतात. आपल्याकडेही नवा तांदूळ आधी देवापुढे जातो. मुलाच्या हातात लोंबी देताना हे सगळं त्याला सांगायची गरज नाही, पण ताईंच्या मनात ते असलेलं बरं.

आपट्याबद्दल मात्र कळकळीनं सांगते. जोडपानाची घडी घातली की फुलपाखरू होतं, ही सोपी आणि देखणी कृती आहे, आणि म्हणूनच ती मी पुस्तिकेत शेवटी ठेवली आहे. दसऱ्याला आपट्याचं झाड आधीच ओरबाडलं जातं. एका मुलाला एक पान पुरतं. फांदी मोडायची नाही, खाली पडलेलं पान मिळालं तर तेच घ्यायचं. आणि कांचनाचं पान घेऊन त्याला आपटा म्हणू नका. कांचनाचं पान मोठं, आपट्याचं लहान आणि जाडसर. पानं हातात घेऊन एवढा फरक ओळखणं हीच तीन वर्षांच्या मुलासाठी पुरेशी गोष्ट आहे.

सागाचं पान म्हणजे या पुस्तिकेतलं माझं सगळ्यात लाडकं साहित्य. शेंड्याचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतात. ते मुलांना आपण शिकवायला नको, तीच आपल्याला शिकवतात. पण पाऊस सरता सरता सागाला एक बारकी अळी लागते. ती शिरा तेवढ्या सोडून मधला हिरवा भाग खाऊन टाकते, आणि मग हातभर लांबीचं पान नुसतं जाळीचं उरतं. लांबून बघणाऱ्याला जंगल करपल्यासारखं दिसतं. त्यातलं एक पान काळजीपूर्वक आणा आणि मुलांना ते डोळ्यांसमोर धरून उन्हाकडे बघू द्या. मग वहीच्या कागदाखाली ठेवून वरून कोळसा आडवा घासायला सांगा. मधली शीर, तिच्यातून फुटलेल्या शिरा, त्यांतून फुटलेल्या आणखी बारीक शिरा, सगळं कागदावर उमटतं. एका ताईंनी हे केलं तेव्हा एक मुलगी म्हणाली होती, "हा तर आमच्या गावचा रस्ता." मोठा रस्ता, त्याला फुटलेल्या पाड्याच्या वाटा. तिनं मग एका बारीक शिरेच्या टोकाला कोळशानं टिंब दिलं आणि ते आपलं घर म्हणून दाखवलं.

रंग विकत आणू नका. हळद, गेरू, कोळसा, तांदळाचं पीठ, बस्स. हळदीच्या पाण्यानं कागद रंगवून वाळवा आणि चुलीतली राख पाण्यात कालवून, निवळून घेतलेल्या पाण्यात काडी बुडवून त्यावर रेघ ओढू द्या. पिवळ्यावर तांबूस रेघ उमटते. चुन्यानं ती जास्त गडद येते, पण चुना लहान मुलांच्या हाती द्यायचा नाही, डोळ्यात गेला तर अनर्थ होईल. चिकटवायला शिजलेल्या भाताचं शीत पुरतं. बोटानं चिरडून लावलं की कागद कागदाला पक्का बसतो. आमच्या लहानपणी पत्रंही अशीच चिकटवत.

कुर्डूचे तुरे वाळले तरी रंग धरून राहतात. खुळखुळ्याच्या शेंगा वाळल्या की आत दाणे वाजतात. पाच-सहा शेंगा दोऱ्यानं काडीला बांधल्या की झालं वाजंत्र. बांधावरच्या वेलींना लागलेली कारीटं, कुणाकडे त्यांना चिरांटं म्हणतात, नरकचतुर्दशीला पायाच्या अंगठ्यानं फोडायच्या आधी चार काड्यांचे पाय आणि दोन काड्यांची शिंगं लावून त्यांचे बैल करा. दिवाळीच्या पहाटे आपला बैल फोडायला कुणी तयार होत नाही, तेव्हा फोडण्यापुरती वेगळी कारीटं आणून ठेवा. एखादं पोर ती चाटून बघणारच. कारीट कडू जहर असतं, चूळ भरायला पाणी द्या. आकाशकंदिलाबद्दल मी फार लिहिलेलं नाही. कामट्या तासणं या वयाच्या मुलांचं काम नव्हे, आणि मोठ्यांनी केलेल्या सांगाड्याला पोरांनी शेपट्या चिकटवल्या की तो त्यांचा कंदील होत नाही.

मातीकडे परत येते, कारण तिथूनच सगळं सुरू झालं. भातखाचराच्या कडेची किंवा ओढ्याच्या थडीची चिकण माती घ्या, खडे वेचा, रात्रभर भिजत घाला. नुसत्या चिकणमातीला वाळताना भेगा जातात, म्हणून थोडा तूस किंवा चाळलेली राख मिसळा. हे प्रमाण मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही. भट्टीवर आठ हंगाम काढलेल्या एका बाईनं ते मूठ दाबून दाखवलं: मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे राहिले पाहिजेत आणि माती तळव्याला चिकटता कामा नये. कच्ची पणती तेल पिते, हे आधीच सांगून ठेवते. एका दिवाळीत आम्ही मुलांच्या पणत्या नुसत्या वाळवून लावल्या आणि पहिल्या काही मिनिटांतच तेल मातीत मुरून ओटा माखला. आता आम्ही आतून मेणबत्तीचं मेण फिरवून घेतो. तेवढं संध्याकाळपुरतं टिकतं.

आश्विन वद्य द्वादशीला बहुतेक ठिकाणी वसुबारस असते. आमच्या महादेव कोळी आणि ठाकूर पाड्यांवर तीच वाघबारस. गुराखी वेशीवरच्या वाघोबाला नैवेद्य दाखवतात, गुरांना सांभाळ म्हणून विनवतात. त्या दिवशी मातीचा वाघ करायचा. वाघाला पट्टे हवेत की ठिपके, यावरून पोरांत हमखास वाद होतो, कारण इथल्या पोरांच्या घरच्यांनी पाहिलेला असतो तो बिबट्या. दोन्ही होऊ द्या. एका मुलानं केलेल्या वाघाला तोंडच नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "तोंड नसलं म्हंजी आमची शेळी खायचा नाय."

किल्ला मात्र सगळ्यांनी मिळून करायचा. ज्या गावातून जो गड दिसतो तोच करा. आसनगावच्या आसपास माहुली, त्याच्या पळसगड आणि भंडारगड या दोन्ही अंगांसह. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीची शेवटची झुंज दिली ती इथंच. देहरीकडे गोरखगड आणि शेजारी मच्छिंद्राचा सुळका. दोन गोळे उभे केले की झाले, मुलांना फार जमतात. सिद्धगडाच्या पायथ्याच्या पोरांनी किल्ल्यावर झेंडा लावला तर त्यांना सांगा की भाई कोतवाल आणि हिराजी पाटील याच डोंगरात २ जानेवारी १९४३ ला इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. गवतासाठी अळीव पेरा किंवा घरची नाचणी, फक्त नाचणी चार-पाच दिवस आधी टाका. आणि मुलांना विटा करू द्या. त्या मुलाच्या विटांचं आम्ही पुढे काय केलं ते सांगायचं राहिलंच. दोन दिवस वाळल्यावर त्यानं स्वतःच त्या किल्ल्याच्या पायथ्याशी आणून रचल्या. तटबंदी झाली. बाकीची मुलं बाजूला बसून त्याला माती कालवून देत होती. वर्गात एरवी तोंड न उघडणारं ते पोर त्या दिवशी "ओली हाय, अजून राख घाल," असं बजावत होतं.

थोडं सावधगिरीचं. कापणीच्या दिवसांत पेंढ्याच्या भाऱ्याखाली, दगडांच्या फटीत फुरसं किंवा घोणस असू शकतं. पाला-पेंढा आधी काठीनं हलवून मगच मुलांना हात लावू द्यायचा आणि दुपारी उन्हात वाळवलेलाच वापरायचा. खाजकुइलीच्या लवदार शेंगांपासून लांब. गुंजा कितीही सुंदर दिसल्या तरी या वयाच्या मुलांना द्यायच्या नाहीत, आतला दाणा विषारी असतो आणि पोरं हाती आलेलं तोंडात घालतात.

आणि ताईंनी स्वतःला सांभाळायचं. हे मी मला सांगितल्यासारखं सांगते. एकदा बाहेरून काही पाहुणे येणार होते. आदल्या संध्याकाळी मी मुलांच्या बाहुल्या, वाघ, पणत्या एकेक करून नीट केल्या. वाकडं सरळ केलं, सुटलेलं बांधलं, वाघाला तोंडही काढलं. दुसऱ्या दिवशी पाहुणे खूश होऊन गेले. मुलं मात्र मांडलेल्या वस्तूंपुढे उभी राहून आपली कुठली ते शोधत होती, आणि त्यांना ती सापडली नाही. एक मुलगी रडकुंडीला आली. मुलाच्या वस्तूला बोट लावण्याआधी मला आजही ती आठवते. तेव्हापासून मी फक्त एक करते: वस्तूखाली कोळशानं मुलाची खूण काढते, ज्याचं त्यानं निवडलेलं चित्र, कुणाचा मासा, कुणाची कोयती.

वारली चित्रांबद्दलही बोलायला हवं, कारण आजकाल आदिवासी भागातली हस्तकला म्हटली की भिंतीवर वर्तुळ-त्रिकोणाची माणसं आलीच. जिव्या सोमा म्हशे यांनी डहाणू तालुक्यातल्या गंजाडहून ती कला जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, याचा मला अभिमान आहे. पण वारल्यांचा चौक सवाशिणी लग्नात लिहितात, त्याला त्यांचा अर्थ आहे. कातकरी किंवा ठाकूर पोराला तोच साचा गिरवायला लावण्यापेक्षा त्याला तांदळाच्या पिठात बोट बुडवून जे येईल ते काढू द्या. वारल्याच्या पाड्यावर असाल तर आजीला बोलवा.

जी पोरं ट्रकनं जाणार आहेत त्यांच्यासाठी दोन-तीन वस्तू मुद्दाम अशा घेतल्या आहेत की त्या बोचक्यात मावतील आणि फुटणार नाहीत. शेंगांचा खुळखुळा, पेंढ्याची बाहुली, कोळशानं उतरवलेलं सागाचं पान. ट्रक बहुतेकदा पहाटे येतो, त्यामुळे त्या वस्तू आदल्या दिवशीच घरी द्या. एका वर्षी "उद्या देऊ" म्हणून आम्ही त्या फळीवर ठेवल्या आणि सकाळी आलो तेव्हा अर्धी वाडी रिकामी होती. त्या वस्तू मग वर्षभर फळीवरच राहिल्या.

किल्ला मात्र दिवाळी झाली म्हणून लगेच पाडून अंगण सारवायची घाई करू नका. तो राहू द्या. नाचणी वाळेल, मावळे पडतील, शेळ्या माहुलीवर चढतील, चढू द्या. विटांची तटबंदी करणारा तो मुलगा ज्येष्ठात परत आला तेव्हा पहिल्या दोन वळिवांनी किल्ल्याचा नुसता उंचवटा उरला होता. बोचकं अजून आईच्या डोक्यावरच होतं. तो थेट अंगणवाडीच्या ओट्यामागं गेला, उकिडवा बसला आणि मातीत बोट खुपसून आपल्या विटा कुठंपर्यंत टिकल्यात ते चाचपू लागला. खालच्या थरातल्या चार अजून होत्या.